सुरुंगवाल्या गहिनीनाथाची विडी

मिरजगावच्या आसपास दुष्काळाच्या साली ज्या विहिरी खोल गेल्या, त्यांतल्या कितीतरी गहिनीनाथाच्या हातच्या. पाण्यानं तळ सोडला की विहिरीचा मालक त्याच्या दारात येऊन बसायचा. मुरूम कुणालाही उकरता येतो. पण मुरमाखाली काळा कातळ लागला आणि पहार टणकन उडायला लागली, की तिथं सुरुंग लावणाराच माणूस लागतो. गहिनीनाथ तो माणूस होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, हाडकुळा आणि बोलायला अगदी कमी.

त्याच्या जोडीला दोघे असत. एक पुंजाराम. वयानं वडील, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणत. पहारीवर घण घालून कातळात भोकं पाडायची ती त्यानं. दुसरा दाऊद, गहिनीनाथाच्या बरोबरीचा. काठावर उभी केलेली यारी फिरवून फुटलेला दगड वर ओढायचं काम त्याचं. तिघांची विडी सारखीच चाले. पुंजारामाच्या तर तोंडात एक आणि कानामागं एक अशी कायम दिसायची.

पण गहिनीनाथाची विडी नुसत्या शौकाची नव्हती, ती त्याच्या कामाचं हत्यार होती. भोकांत दारू ठासून झाली, वाती बाहेर काढून झाल्या, की पुंजाराम वर निघून जाई. उडालेल्या दगडानं तुटू नये म्हणून दाऊद यारीचा दोर वर ओढून घेई. मग तळाशी एकटा गहिनीनाथ उरायचा. तो विडी पेटवायचा, एक खोल झुरका घ्यायचा आणि तिच्या लालबुंद टोकानं एकेका वातीला विस्तव द्यायचा. वाती फुसफुसायला लागल्या की गाठी मारलेल्या दोरानं वर चढायचं, वरच्या बांधीव पायऱ्या गाठायच्या आणि पळत काठाबाहेर जाऊन बांधाआड आडवं व्हायचं. इतकी वर्षं हे बिनचूक चाललं होतं. त्याला मनोमन वाटायचं, आपला हात थरथरत नाही तो या विडीमुळंच.

त्या हिवाळ्यात राधाकृष्ण नावाच्या बागाईतदाराची विहीर चालू होती. दुपारची वेळ. गहिनीनाथानं पाचही वाती पेटवल्या, विडी टाकली आणि दोराला हात घातला. शेवटची पायरी दोन हातांवर राहिली असेल नसेल, खोकल्याची उबळ आली. ती थांबेच ना. छातीत कुणीतरी बोळा कोंबल्यागत झालं. श्वास बाहेर जाई, आत काही येईना. हातांतलं बळ पाण्यागत ओसरून गेलं. तो गाठीला पाय अडकवून तसाच लोंबकळत राहिला. खाली वाती जळत होत्या. त्यांचा आवाज त्याला ऐकू येत होता आणि वर आभाळाचा गोल तुकडा दिसत होता.

दाऊद बांधाकडं निघाला होता. गहिनी अजून कसा आला नाही म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं, आणि तो तसाच विहिरीच्या पायऱ्या उतरत सुटला. शेवटच्या पायरीवर पालथं पडून त्यानं गहिनीनाथाचं मनगट धरलं, मग सदरा, मग बखोट. ओढत, फरपटत त्याला पायरीवर घेतला. दोघं निम्म्या पायऱ्या चढले तोच पहिला सुरुंग उडाला. दाऊदनं गहिनीनाथाला भिंतीशी दाबलं आणि स्वतः त्याच्यावर पडला. एकामागून एक आवाज झाले. दगडांचा पाऊस वर गेला आणि खाली आला.

धूर निवल्यावर पुंजाराम ओरडत खाली धावला. दोघं जिवंत होते. गहिनीनाथाला खरचटलं होतं तेवढंच. दाऊदच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती.

तो कान कायमचा गेला.

त्या दिवसापासून गहिनीनाथाच्या मनात भीती जी शिरली, ती घर करून बसली. विहिरीची नव्हे, स्वतःच्या छातीची. त्याचं खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. महिनाभर सकाळच्या खाकरण्यात लाल तार दिसत होती. तो ती मातीनं झाकून टाकायचा. त्याचा थोरला भाऊ सहादेव असाच खोकत खोकत गेला होता. शेवटी शेवटी त्याची उशाची वाटी लाल भरायची आणि घरात त्या दुखण्याचं नाव कुणी तोंडावाटे काढत नसे. जणू नाव घेतलं की ते दुसऱ्याच्या अंगावर उडी घेईल. आता भाकरी खाताना, बैलाला पाणी दाखवताना, कुठंही गहिनीनाथाला ती वाटी दिसे. पोरांना तो जवळ येऊ देईना. आपलं ताट वेगळं ठेवायला त्यानं सुरुवात केली.

त्याची बायको रतनबाई हे बघत होती. दाऊदच्या कानाचं विचारायला म्हणून ती एक दिवस त्याच्या घरी गेली. दाऊदची आई मुबारकबी चुलीपुढं बसून बोटानं दातांना मशेरी लावत होती. तिनं चूळ भरली आणि म्हणाली,

"माज्या पोराचा कान गेला त्याचं मला काय न्हाई, रतन. जीव वाचला. पन तुजा नवरा दम कोंडून दोराला लटकला हुता, ते तुला सांगितलं का कुनी?"

रतनबाईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती घरी आली ती थेट नवऱ्यापुढं उभी राहिली.

"उद्या कर्जतला जायाचं. डागदराकडं."

"डागदर काय सांगनार ते मला ठावं हाय," गहिनीनाथ खाली बघत म्हणाला.

"मंग मला बी ठावं हु द्या. का मी एकलीनंच आंधळ्यावानी ऱ्हायाचं?"

तो गेला. एकटा नव्हे; पुंजाराम आणि दाऊद दोघंही बरोबर निघाले. कर्जतच्या डॉक्टरनं विचारल्यावर गहिनीनाथानं भावाचं आणि थुंकीतल्या लाल तारेचं सांगून टाकलं. डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली, नळी लावून ऐकलं, थुंकी तपासायला घेतली आणि छातीचा फोटो काढायला नगरला पाठवलं. फोटो घेऊन ते पुन्हा कर्जतला आले. डॉक्टरनं तो काळा कागद उजेडाकडं धरला. गहिनीनाथ खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याला त्या कागदात नुसत्या बरगड्या दिसत होत्या, मेलेल्या जनावराच्या असाव्यात तशा.

"थुंकीत जंतू नाहीत," डॉक्टर म्हणाला. "पण इथं वरच्या बाजूला एक डाग आहे. जुना असेल, नवा असेल. आज मला सांगता येणार नाही. उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढू. डाग वाढला की नाही, ते तेव्हाच कळेल."

"वाढला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. पण विडी आजपासून बंद. ती चालू ठेवून माझ्याकडं येऊ नका."

डाग. नुसता एवढा एक शब्द घेऊन गहिनीनाथ एस्.टी. स्टँडवर आला. त्याला वाटलं होतं, एकदाचं काय ते कळेल. आता उन्हाळ्यापर्यंत तो डाग छातीत घेऊन हिंडायचं होतं. सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच थबकला. शेजारी पुंजारामानं नुकतीच विडी पेटवली होती. त्यानं गहिनीनाथाचा अडकलेला हात पाहिला. विडी चपलेखाली विझवून तो म्हणाला,

"तू एकलाच सोडनार, आन आमी तुज्याम्होरं धूर काढनार? जमायचं न्हाई ते."

"काय म्हनतो तात्या?" दाऊदनं उजवा कान पुढं केला.

"इडी सोडायची म्हनतो."

"कवा?"

"आत्ता."

"आत्ताच?" दाऊदचं तोंड पडलं. "एकेक वढून घेऊ, मंग सोडू की."

त्याही परिस्थितीत गहिनीनाथाला हसू आलं. गाडी आली. तिघंही विडी न ओढता गाडीत चढले.

पुढचे दिवस कुणाच्या वैऱ्यावर येऊ नयेत असे गेले. सकाळी पोट साफ होईना, डोकं भणभणे. घणाचा घाव चुकला म्हणून पुंजाराम कातळालाच शिव्या देई. दाऊद घरात भांडी आपटायला लागला, तेव्हा मुबारकबी कंबरेवर हात देऊन त्याला म्हणाली, "थांब. तू इडी सोडली ना? मी बी मशेरी सोडते. मंग बघू कुनाची भांडी जास्ती वाजत्यात." आणि म्हातारीनं खरंच मशेरीची डबी उकिरड्यावर रिकामी केली. दोन दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाऊदनं हे विहिरीवर सांगितलं आणि तिघं पोट धरून हसले. रतनबाई फुटाणे भाजून द्यायची. जीव कासावीस झाला की ज्याला होईल त्यानं काम टाकून दुसऱ्याजवळ जाऊन बसायचं, एवढाच त्यांचा नेम. बोललंच पाहिजे असं नाही.

पण गहिनीनाथाला वेगळीच धास्ती होती. विडी सोडल्यावर खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. छातीतून काळपट बेडके पडायला लागले. त्याला वाटलं, विडीच्या धुरानं आतलं दुखणं दबून होतं, आता ते मोकळं सुटलं. आपण हातानं दार उघडलं. हे मनात ठेवून तो कुढत राहिला असता. पण पुंजाराम एक दिवस घण खाली ठेवून आपणहून म्हणाला,

"गहिनी, सोडल्यापासून मला लई खोकला यायला लागला बग. काळं काळं पडतंय."

"मला बी," दाऊद म्हणाला.

म्हणजे हा खोकला विडी सुटल्याचाच, हे गहिनीनाथाच्या ध्यानात आलं. कुणा वैद्यानं शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं, ते या दोघांच्या खोकल्यानं पटलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

राधाकृष्णाची विहीर अपुरी होती, ती पुरी करायची होती. पुन्हा पाच भोकं पडली, पुन्हा दारू भरून झाली. आता विडी नव्हती. दाऊदनं सुंभाचा तुकडा पेटवून दिला. तो विस्तव धरून धुमसत राहतो. पुंजाराम वर गेला. तळाशी गहिनीनाथ उभा राहिला आणि त्याचा हात थरथरायला लागला. तोंड रिकामं होतं, छाती रिकामी होती. तोच दोर समोर लोंबत होता. पहिली वात पेटली, दुसरी पेटली. तिसरीला सुंभ लावताना तो दोनदा चुकला. पाचवी झाली आणि तो वळला. या वेळी घाई न करता, एकेक गाठ धरून, तोंड मिटून तो वर चढला. दाऊद पायरीवर थांबलाच होता. दोघं बांधाआड आडवे झाले.

एक आवाज झाला. दोन. तीन. चार.

पाचवा आला नाही.

तिघांची तोंडं उतरली. न उडालेला सुरुंग म्हणजे झोपलेला नाग. वात मध्येच विझली असेल, किंवा आतल्या आत धुमसत असेल. कुणी खाली उतरलं की नेमका तेव्हाच उडेल, सांगता येत नाही. अशा वेळी थांबायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. ते बाभळीखाली जाऊन बसले. विहिरीतून धूर वर येत राहिला, मग तोही थांबला. गहिनीनाथाला काही केल्या आठवेना, पाचव्या वातीनं विस्तव धरलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता का? का हात थरथरला म्हणून नुसता सुंभ टेकवून तो वळला होता? तो हीच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा करून बघत होता आणि दर वेळी ती वेगळी दिसत होती.

राधाकृष्ण भला माणूस. तिघांची अवस्था बघून त्यानं खिशातून विडीचं बंडल काढलं आणि काडेपेटीसकट मध्ये ठेवलं.

"घ्या, वढा एकेक. जीव टांगनीला लागलाय तुमचा."

कुणी हात पुढं केला नाही. कुणी नजरही काढली नाही. पुंजारामाची बोटं मांडीवर नुसती हलत होती. गहिनीनाथाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. एक झुरका. एकाच झुरक्यानं हात थांबला असता. मेलो तर विडी सोडून तरी काय मिळवलं, असंही मनात आलं.

दाऊदनं बंडल उचललं. गहिनीनाथानं श्वास रोखला. दाऊदनं ते राधाकृष्णाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "मालक, पाठ फिरवून तिकडं बसा जरा. तुमचं बंडल दिसलं की ह्यो सुरुंग परवडला, असं हुतंय."

ऊन कललं तसा गहिनीनाथ उठला.

"मी उतरतो," दाऊद म्हणाला.

"तुला ऐकू येतं का, आत सुरसुरतंय का काय ते? तू बस."

पाण्याची बादली दोराला बांधून आधी सोडली. मग तो उतरला. तळाशी दारूचा उग्र वास कोंडून राहिला होता. फुटलेल्या दगडांतून पाय टाकत तो त्या भोकाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि कान लावला. स्वतःच्या काळजाचे ठोके सोडून काही ऐकू येईना. वात भोकाच्या तोंडापर्यंत जळून काळी पडलेली होती आणि तिथंच विझली होती. म्हणजे त्यानं ती पेटवली होती. हात चुकला नव्हता. त्यानं बादली उचलली आणि भोकात पाणी ओतलं, थोडं थोडं, सगळं भिजेपर्यंत. मग दगडावर बसून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

वर आला तेव्हा दाऊदनं त्याला कवेत घेतलं. पुंजाराम मात्र तिथं नव्हता.

तो सापडला कडब्याच्या गंजीमागं. गुडघ्यात मान घालून बसला होता आणि बोटांत विडी होती, निम्मी जळालेली. या दोघांना बघून त्यानं ती लपवलीही नाही.

"तू खाली गेल्यावर मला ऱ्हावलं न्हाई," तो म्हणाला. "मालकाला मागितली. मीच तुमाला सोडा म्हनालो, आन मीच..."

दाऊद आणि गहिनीनाथ त्याच्या दोन बाजूंना बसले. मग पुंजाराम बोटांतल्या विडीकडं बघत म्हणाला, "मला बी लाल पडतंय, गहिनी. दिवाळीपासनं. तुज्या आधीपासनं."

गहिनीनाथाला वाटलं, पुन्हा आपण दोराला लटकलो आहोत. हा माणूस आपल्याला धीर देत होता, आपल्याबरोबर कर्जतला आला, नगरला आला, आणि स्वतःची थुंकी मातीखाली झाकत होता.

"मंग तिथं बोलला का न्हाईस? डागदर म्होरंच हुता की."

"भ्यालो," पुंजाराम म्हणाला. "तुला डाग म्हनला. मला काय म्हनंल, ह्याला भ्यालो."

त्याला फोटोला नेणं सुरुंग काढण्यापेक्षा अवघड गेलं. आज येतो, उद्या येतो करत त्यानं दिवस घालवले. मधून विडीही ओढली. ओढली की आपणहून सांगायचा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सोडायचा. त्याला कुणी टाकून बोललं नाही. शेवटी गहिनीनाथाच्या दुसऱ्या फोटोची वेळ आली, तेव्हा रतनबाई आणि मुबारकबी दोघी पुंजारामाच्या दारात जाऊन बसल्या. "तू गाडीत बसल्याबिगर आमी उठनार न्हाई," मुबारकबी म्हणाली. तो बसला.

डॉक्टरनं गहिनीनाथाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. डाग होता तेवढाच होता. "जुना व्रण आहे," तो म्हणाला. "बहुतेक भावाच्या दुखण्यातला, आपोआप भरून आलेला. पण विडीनं आणि दगडाच्या धुळीनं छाती पार खराब केली आहे, लाल पडत होतं ते त्यामुळंच. दम पहिल्यासारखा येणार नाही. विहिरीत उतरायचं बंद करा." मग त्यानं पुंजारामाचा फोटो उजेडाकडं धरला.

पुंजारामाला क्षय होता. वर्ष-दीड वर्ष औषध चाललं. आधी कितीतरी दिवस रोज सुई, मग गोळ्यांचा मारा. सुईला कर्जतला न्यायला कधी दाऊद जाई, कधी गहिनीनाथ. निम्मा माणूस झाला तो, पण उभा राहिला. डॉक्टर म्हणाला होता, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

गहिनीनाथानं सुरुंगाचं काम सोडलं आणि आपल्या जिराईत तुकड्यावर बसला. दाऊदनं चार पैशांसाठी आणखी एक हंगाम वाती पेटवल्या. त्या हंगामात लांबून सुरुंगाचा आवाज आला की गहिनीनाथाच्या हातातलं काम गळायचं. दाऊद एका कानाचा. कुणी हाक मारली तर त्याला कळेल ना, या विचारानं तो संध्याकाळपर्यंत अन्नाला शिवत नसे. दाऊद घरी आल्याचं कळलं की मग चूल पेटायची. पुढं दाऊदनंही ते सोडून पीठगिरणी चालवायला घेतली.

दर वर्षी एकदा गहिनीनाथ फोटो काढायला नगरला जायचा. त्या दिवशी गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसे आणि कुणाशी बोलत नसे. फोटो दर वर्षी तसाच निघे, आणि भीती दर वर्षी नव्यानं येई.

गावात हळूहळू कळलं, की यांची विडी सुटली. कुणीकुणी विचारायला यायचं. एकदा गोरक्षनाथ नावाचा एक गाडीवान आला. त्याचाही खोकला हटत नव्हता. बराच वेळ ओट्यावर घुटमळून तो म्हणाला, "नाना, इडी सोडली तर ही भीती जाती का?"

गहिनीनाथानं सरकून त्याला जागा करून दिली.

"माजी अजून गेली न्हाई," तो म्हणाला. "पन दुपारच्याला दाऊद येतो, तात्या येतो. हितं बसत्यात. मंग जरा बरं वाटतं. तू बी येत जा."